उपमान कुणाचं?

आपल्या पोरांनी एक सोयीचं मत करून ठेवलंय. अलंकार ही बामणी भानगड आहे. उपमा, उत्प्रेक्षा, रूपक ही शाळेच्या पेपरापुरती घोकायची यादी. मार्क पदरात पडले की फेकून द्यायची. आपण विद्रोही. आपण रोखठोक बोलतो. आपल्याला दागिने नकोत. कविसंमेलनात माईक हातात आला की पोरगा एवढं ऐकवतो आणि पुढच्याच मिनिटाला 'मी ज्वालामुखी आहे' म्हणून कविता सुरू करतो. अरे गड्या, तू ज्वालामुखी आहेस हे रूपक झालं. तू दागिना टाकला नाहीस. न बघता गळ्यात घातलास, आणि तो कुणी घडवला तेही विचारलं नाहीस.

अलंकार फक्त कवितेत असतात हे कुणी सांगितलं? ते पेपरच्या मथळ्यात असतात, कोर्टाच्या निकालात असतात, पोलिसाच्या शिवीत असतात, नळावरच्या भांडणात असतात. एका गोष्टीच्या जागी दुसरी आणून ठेवायची, ही ती युक्ती. ही युक्ती आपल्यावर हजारो वर्षं चाललीय. ती कशी चालते हे शिकायला नकार देणं हा कसला विद्रोह? तो निव्वळ आळस आहे. आमचं म्हणणं सरळ आहे: अलंकार शिका, सगळे शिका, कुठल्याही सदाशिवपेठी मास्तरापेक्षा चांगले शिका. फक्त दर वेळी एक प्रश्न विचारा. उपमान कुणाचं?

आधी शब्दच घ्या. अलंकार म्हणजे दागिना. दागिना म्हणजे नुसती शोभा असं ज्याला वाटतं त्यानं मनुस्मृतीचा दहावा अध्याय काढून बघावा. चांडाळानं गावाबाहेर राहावं, मेलेल्याचे कपडे घालावेत, फुटक्या भांड्यात खावं, आणि त्याचे अलंकार लोखंडाचे असावेत, अशी व्यवस्था तिथं लावून दिलीय. म्हणजे दागिना ही शोभा नव्हतीच. लांबून माणूस ओळखू यावा म्हणून ठोकलेला बिल्ला होता तो. १९२७ च्या डिसेंबरात महाडला ही मनुस्मृती जाळली गेली. त्याच परिषदेच्या दिवसांत बाबासाहेब बायकांपुढं बोलले. लुगडं नेसायची पद्धत बदला, आणि ज्या जड दागिन्यांवरून तुमची जात ओळखू येते ते दागिने टाकून द्या, असं त्यांनी सांगितलं. पुस्तक जाळणं आणि दागिना उतरवणं, दोन्ही एकाच चळवळीची कामं. भाषेतल्या दागिन्यालाही हाच न्याय लावायचा. कुणी घडवला, कुणाच्या अंगावर घातला, आणि त्यातून कोण ओळखू येतो?

आता उपमा. उपमेचे भाग चार. 'मुकादमाचा आवाज फाटक्या पत्र्यासारखा कर्कश आहे.' मुकादमाचा आवाज हे उपमेय, म्हणजे ज्याच्याविषयी बोलतोय ते. फाटका पत्रा हे उपमान, म्हणजे ज्याच्याशी तुलना केली ते. कर्कशपणा हा साधारण धर्म, दोघांत सारखा असलेला गुण. आणि 'सारखा' हा साम्यवाचक शब्द. झाली उपमा. पोरांनो, हे चार भाग पाठ करा, कारण पुढची सगळी मारामारी याच चौघांत आहे.

उपमान म्हणजे माप. कापड मोजायचं तर गज दुकानदाराचा असतो. गज ज्याच्या हातात, कापड त्याच्या मनाप्रमाणे लांब-आखूड होतं. तोंड चंद्रासारखं, डोळे कमळासारखे, चाल हंसासारखी. ही मापं कुणाच्या दुकानातली? पाण्याला हात लावायची बंदी असलेल्या माणसाच्या पोटी कमळाची उपमा कशी जन्माला येणार? त्याला तळं लांबून दिसत होतं. कमळ कसं दिसणार?

कुणी म्हणेल, ही ओढाताण झाली, काव्यशास्त्राचा आणि जातीचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो शास्त्रकारांनी स्वतःच्या हातानं लिहून ठेवलाय. भरताच्या नाट्यशास्त्रात अलंकार चारच होते: उपमा, रूपक, दीपक, यमक. सोळाव्या शतकातल्या अप्पय्य दीक्षिताच्या कुवलयानंदापर्यंत ती यादी शंभरावर गेली. एवढी यादी वाढत असताना मध्येच काश्मीरचा वामन उपमेचे दोष सांगायला बसला. हा आठव्या-नवव्या शतकातला माणूस. त्यानं एक दोष असा सांगितला की उपमान जातीनं हीन असेल तर उपमा बिघडते. उदाहरण काय? कुणीतरी फार मोठं साहस केलं, आणि ते चांडाळांसारखं केलं असं कवी म्हणाला. झाली उपमा नासकी. पुढं अकराव्या शतकात मम्मटानं काव्यप्रकाशात हेच उदाहरण तसंच चालवलं, आणि मग ते पिढ्यान्‌पिढ्या पाठ होत गेलं.

आता चार भाग लावून बघा. उपमेय कोण? धाडस करणारे ते मोठे लोक. उपमान कोण? चांडाळ. साधारण धर्म काय? साहस! म्हणजे चांडाळ धाडसी असतो हे शास्त्रकाराला मान्य आहे. नुसतं मान्य नाही, तो गुण एवढा माहितीचा आहे की त्यावर उपमा उभी राहते. तरी उपमा चुकली. का? गुण जुळला, पण जात जुळली नाही. सहभोजनात पदार्थ चांगला होता हो, पण वाढणारा कोण होता, तशातली गत. जो माणूस मापाला चालतो त्याला माप म्हणून मात्र चालू द्यायचं नाही, हा नियम सौंदर्याच्या नावाखाली हजार-बाराशे वर्षं शिकवला गेला. आम्ही याला शास्त्रातली चूक म्हणत नाही. ही कबुली आहे. शत्रूच्या हातची साक्ष आहे. ती जपून ठेवा.

याच शास्त्रात 'ग्राम्य' नावाचा एक दोष आहे. गावंढळ शब्द कवितेत आला की तो ग्राम्य दोष. आपली गंमत अशी की आपण त्या दोषातही बसत नाही. ग्राम्य म्हणवून घ्यायलासुद्धा आधी गावात असावं लागतं. आपण गावकुसाबाहेरचे. १९७२ साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला तेव्हा विजय तेंडुलकरांसारख्या लेखकाला त्यातले कित्येक शब्द माहीत नव्हते, आणि प्रस्तावनेत त्यांनी ते लपवलं नाही. हा प्रामाणिकपणा झाला. पण त्यातून मराठीचा नकाशाही उघडा पडला. ज्या शहरात आपण राहत होतो त्याच शहरात ती भाषा परदेशी होती.

उपमेवर थांबू नका. उपमेपासून एक जिना सुरू होतो, आणि आपला घात त्या जिन्यावर होतो. चार पायऱ्या बघा.

'ही वस्ती उकिरड्यासारखी आहे.' ही उपमा. यात 'सारखी' आहे, म्हणजे वस्ती वेगळी आणि उकिरडा वेगळा. अजून भांडायला जागा आहे.

'ही वस्ती म्हणजे जणू उकिरडाच.' ही उत्प्रेक्षा. 'जणू'नं अंतर कमी केलं.

'ही वस्ती उकिरडा आहे.' हे रूपक. 'सारखी' गेलं, 'जणू' गेलं. दोन्ही एकच झाले.

'हा उकिरडा उचला.' ही अतिशयोक्ती. शाळेत अतिशयोक्ती म्हणजे फुगवून सांगणं एवढंच शिकवतात. जुन्या शास्त्रातली तिची पहिली व्याख्या जास्त भयंकर आहे: उपमानानं उपमेय गिळून टाकायचं. वाक्यात वस्ती कुठंच नाही बघा. माणसं नाहीत, चुली नाहीत, पोरांची दप्तरं नाहीत. फक्त उकिरडा आहे, आणि उकिरडा उचलायला बुलडोझर लागतो, विचार लागत नाही.

ही कल्पना नाही. १९८१ साली मुंबईत फुटपाथवरच्या लोकांना उचलून शहराबाहेर टाकायची मोहीम निघाली. ते प्रकरण ओल्गा टेलिस खटला म्हणून सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९८५ च्या निकालात झोपड्या हटवायची मुभा राहिलीच, पण पोट भरायचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं न्यायालयानं मानलं. म्हणजे उपमेय जिवंत होतं. माणूस माणूस म्हणून वाक्यात होता. मग २००० साल उजाडलं. अलमित्रा पटेल खटला. खटला कशाचा? शहरातल्या कचऱ्याचा. त्या कचऱ्याच्या निकालात झोपडपट्टीचा विषय निघाला, आणि सरकारी जमिनीवर राहणाऱ्याला फुकट पर्यायी जागा देणं हे खिसेकापूला बक्षीस देण्यासारखं आहे, अशी उपमा न्यायालयानं वापरली. पंधरा वर्षांत उपमान बदललं. कायद्याचं पुस्तक जवळपास तेच होतं. आता सांगा, अलंकार हा कवितेचा विषय आहे का?

आणि 'सरकारचे जावई'? कॉलेजात, कचेरीत, लोकलच्या डब्यात हे रूपक ऐकलं नसेल असा आपल्यातला एक पोरगा दाखवा. ऐकलं की आपण तापतो, नाहीतर मान खाली घालतो. त्यापेक्षा रूपक सोडवून दाखवा ना! उपमान जावई. साधारण धर्म फुकटचा पाहुणचार. आता विचारा, जावयाला गटारात उतरवणारं सासर तुम्ही कुठं पाहिलंत? जावयाला वरातीत घोड्यावरून खाली ओढणारी सासुरवाडी कुठल्या तालुक्यात आहे? रूपक चुकीचं असलं की ते ताणायचं. ताणलं की फाटतं. फाटलं की आतला माणूस दिसतो. हे शिवीनं होत नाही, व्याकरणानं होतं.

या जिन्याची सगळ्यात जुनी पायरी ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात आहे. पुरुषसूक्त. समाज म्हणजे एक शरीर, हे रूपक. ब्राह्मण त्याचं तोंड, राजन्य बाहू, वैश्य मांड्या. शूद्राशी आल्यावर मात्र वाक्याची रचनाच बदलते. तो पाय 'आहे' असं म्हटलेलं नाही, तो पायांपासून 'जन्मला' असं म्हटलंय. १९४६ सालच्या शूद्रांवरच्या ग्रंथात बाबासाहेबांनी सुरुवातीलाच हे सूक्त फोडायला घेतलं, ते उगाच नाही. कवितेतलं रूपक कवितेत राहतं तोवर त्याला कुणी घाबरत नाही. हे रूपक कायदा झालं. आणि आपण? तोंड, बाहू, मांड्या, पाय मोजून झाले, शरीर संपलं. आपण त्या रूपकात पायसुद्धा नाही. रूपकाबाहेरचे. म्हणून गावाबाहेरचे.

जिन्याच्या बाजूला आणखी एक खोली आहे, तिचं नाव भ्रांतिमान. दोरीला साप समजून माणूस दचकतो, तो भ्रांतिमान अलंकार. कवितेत निदान कवीला तरी ठाऊक असतं की दोरी आहे. २० मार्च १९२७ ला आपली माणसं चवदार तळ्याचं पाणी प्यायली, आणि नंतर तिथल्या सवर्णांनी ते तळं पंचगव्यानं शुद्ध करून घेतलं. पाण्यात विटाळ दिसला त्यांना! शेणमूत पाण्यात घालून पाणी स्वच्छ होतं, आणि माणसाच्या ओंजळीनं घाण होतं. असा भ्रांतिमान कुठल्याही महाकवीला सुचला नसता.

आता लक्षणा. शब्दाचा सरळ अर्थ जुळेना की जवळचा दुसरा अर्थ घ्यावा लागतो, ती लक्षणा. 'सगळा गाव जेवला.' दगडमातीचा गाव जेवत नाही, म्हणून गाव म्हणजे गावातली माणसं. बरोबर. पण कुठली माणसं? ज्या पंगतीला महारवाडा, मांगवाडा नव्हता, ती पंगत उठली तरी 'सगळा गाव जेवला' हे वाक्य मराठीत खरंच ठरत आलं. एकाही मास्तरानं त्यावर लाल रेघ मारली नाही. उलट म्हण काय आहे? 'गाव तिथे महारवाडा.' चांगलं आहे तिथं थोडं वाईट असणारच, असं समजुतीनं सांगायला ही म्हण वापरली गेली. जेवायला बसताना आपण गावात नाही, आणि वाईटाचा दृष्टांत द्यायचा झाला की आपण प्रत्येक गावात आहोत! भाषेचा हा हिशेब तपासायला कुठलं सरकारी ऑडिट येणार नाही. तो आपणच करायचाय.

चेतनगुणोक्ती घ्या. निर्जीव वस्तूला जिवंत मानून बोलणं. वारा गातो, झाड हसतं, इथवर ठीक. पण 'मॅनहोलनं घेतला दोघांचा बळी', 'गटार ठरलं काळ' असे मथळे वाचलेत ना? मॅनहोलला हात फुटले, तोंड फुटलं, भूक लागली. आणि त्याच वेळी ठेकेदाराचे हात गेले, अधिकाऱ्याची सही गेली, न दिलेला मास्क गेला. एका अलंकारानं आरोपी बदलला. हातानं मैला काढायला लावायला बंदी करणारा कायदा १९९३ साली झाला, दुसरा जास्त कडक कायदा २०१३ साली झाला. गटारात मेलेल्या माणसाच्या घरच्यांना १० लाख द्या असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली सांगितलं, आणि २०२३ साली ती रक्कम ३० लाखांवर नेली. म्हणजे माणसं उतरतायत, मरतायत, हे न्यायालयाला दिसतं. मथळ्याला मात्र फक्त मॅनहोल दिसतं. उद्यापासून असा मथळा दिसला की लाल पेन घ्या आणि खाली लिहा: कर्ता कोण?

आणि पर्यायोक्ती. सरळ नाव न घेता गोड वळणानं सांगायचं. १९३३ साली गांधींनी 'हरिजन' नावाचं साप्ताहिक काढलं आणि तो शब्द देशभर पसरला. आपण देवाची लेकरं झालो. मग बाकीचे कुणाची होते, हे कुणी सांगितलं नाही. १९३८ साली मुंबईच्या विधानसभेत हा शब्द कायद्यात घालायचा घाट घातला गेला तेव्हा बाबासाहेब आणि त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष सभात्याग करून बाहेर पडले. एका शब्दासाठी! आजच्या आपल्या पुढाऱ्यांना विचारा, कुठल्या शब्दासाठी ते खुर्ची सोडतील?

तीच वाट आजही चालू आहे. २०२० साली केंद्र सरकारनं सफाईमित्र सुरक्षा नावाची स्पर्धा शहराशहरांत लावली. गटारात उतरणारा 'मित्र' झाला. चांगलं झालं. मित्राला कायम नोकरी द्या. त्याच वर्षी डिसेंबरात महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं वस्त्यांची जातीवरची नावं बदलायचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा जाऊन समतानगर वगैरे यावं असं ठरलं. हेही बरंच झालं. पोराच्या दाखल्यावर, पत्त्यावर जात चिकटवून ठेवायचं कारण नाही. पण पाटी बदलली आणि नाली तीच राहिली, तर ती पर्यायोक्ती झाली, समता नाही झाली. आणि २०१८ साली माहिती व प्रसारण मंत्रालयानं खाजगी वाहिन्यांना सल्ला दिला की 'दलित' शब्द टाळा, 'अनुसूचित जाती' म्हणा. नीट बघा. 'अनुसूचित' म्हणजे यादीतला. यादी कुणी केली तर कागदानं. 'दलित' म्हणजे दळलेला, भरडलेला. कुणीतरी भरडल्याशिवाय कुणी भरडला जात नाही. त्या शब्दाच्या पोटात जातं फिरवणारा हात आहे. टोचतो तो हात. शब्द नव्हे.

व्याजस्तुती तर रोज भेटते. स्तुतीच्या आडून निंदा. 'तू त्यातला वाटत नाहीस रे!' 'तुमच्यातले असून किती स्वच्छ बोलता!' बोलणारा कौतुकानं बोलतो, आपणही क्षणभर सुखावतो, आणि घरी येईपर्यंत आईबापाला लाथ बसलेली असते. हे ओळखायला शिका. आणि हे हत्यार आपलंही आहे. ज्यांना तोंडावर शिवी देता येत नव्हती त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या 'मायबाप सरकार, तुमच्या दयेला तोड नाही' असं म्हणत म्हणत धन्याचं माप काढलंय. आपल्या आज्या अलंकार शिकल्या नव्हत्या, पण जात्यावर बसून त्यांनी सावकाराची जी स्तुती केली ती कुठल्याही मम्मटाला उदाहरण म्हणून पुरली असती.

म्हणजे आपल्याकडं काहीच नाही असं समजू नका. १९५८ साली मुंबईतल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनात अण्णा भाऊ साठे बोलायला उभे राहिले, आणि पृथ्वीखालचा शेषनाग त्यांनी काढून टाकला. त्या जागी त्यांनी राबणाऱ्या दलिताचा तळहात ठेवला. अपन्हुती अलंकारात खऱ्या वस्तूला नाकारून कल्पनेतली वस्तू स्थापतात. अण्णा भाऊंनी अपन्हुती उलटी केली: कल्पना नाकारली आणि खरी वस्तू स्थापली. त्यांच्याच 'माझी मैना'त गावी राहिलेली बायको आणि संयुक्त महाराष्ट्राबाहेर राहिलेला मुलूख एकाच शब्दात राहतात. बाबुराव बागुलांच्या १९६३ च्या कथासंग्रहाचं नाव घ्या, 'जेव्हा मी जात चोरली होती'. जात काय खिशातलं पाकीट आहे, चोरायला? त्या एका क्रियापदात भाड्याची खोली शोधणाऱ्या प्रत्येक माणसाचा घाम आहे. दया पवारांचा १९७४ चा कवितासंग्रह, 'कोंडवाडा'. मोकाट गुरं डांबायची जागा. ज्यानं वस्ती आणि कोंडवाडा दोन्ही बघितलेत त्यालाच सुचणारं उपमान.

आणि पँथर. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या लाउंड्स काउंटीत १९६५-६६ साली काळ्या लोकांनी स्वतःचा पक्ष काढला. मतपत्रिकेवर चित्र लागायचं. गोऱ्यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाचं चित्र होतं पांढरा कोंबडा. यांनी काळा पँथर घेतला. तो माणसावर आपणहून येत नाही. मागं रेटत नेऊन कोपऱ्यात कोंडला की मग झेप घेतो, असं त्यांनी कारण सांगितलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात ओकलंडला ब्लॅक पँथर पार्टी उभी राहिली, आणि १९७२ साली मुंबईत दलित पँथर. सिंह घेतला नाही कुणी, सिंह राजा असतो. उपमान निवडताना त्या पोरांनी राजाला नकार दिला आणि कोंडलेल्या जनावराला हो म्हटलं. साधारण धर्म आधी ठरवला, उपमान मागून शोधलं. रूपक असं करतात.

आता आपल्या घरातला केर. आपल्या कविता काढून बघा. सूर्य, मशाल, वणवा, अंगार, ज्वालामुखी, काळोख. दहा कवींच्या कविता एकत्र करून नावं खोडली तर कोणती कुणाची ते कळणार नाही. ही उपमानं एकेकाळी कुणाच्या तरी भाजलेल्या हातातून आली होती. आता ती छापील आहेत, दुकानात मिळतात, जयंतीच्या बॅनरवर आपोआप येतात. उधारीचा अंगार हात भाजत नाही. आणि काळोख म्हणजे वाईट, काळं म्हणजे अशुभ, हे माप तरी कुणाचं? आपल्या आईच्या कातडीचा रंग आपणच शिवीसारखा वापरतोय, आणि वर विद्रोह म्हणतोय.

सगळ्यात जास्त बोचणारी गोष्ट बोलतोच. 'बाबासाहेब सूर्य आहेत.' पहिल्यांदा ज्यानं म्हटलं त्याच्यासाठी ते खरं होतं. रात्र त्यानं भोगली होती. पण जिन्याची शेवटची पायरी आठवा. उपमान उपमेयाला गिळतं. आज आपल्याकडं सूर्य उरलाय आणि बाबासाहेब गिळले गेलेत. सूर्याकडं डोळे उघडून बघता येत नाही. हात जोडून डोळे मिटावे लागतात. सूर्य १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहीत नाही. सूर्य खोतीच्या विरोधात विधेयक मांडत नाही. सूर्याशी वाद घालता येत नाही, त्याचं पान उलटून समासात प्रश्नचिन्ह काढता येत नाही. माणसाशी येतं. ज्या माणसानं आयुष्यभर पुस्तकांच्या समासात वाद घातला, त्याला आपण असं उपमान दिलं की त्याच्याशी कुणी वाद घालूच नये. विरोधकांना तरी दुसरं काय हवं होतं? पुतळ्याला हार घालायला ते आपल्याही आधी हजर असतात, कारण सूर्याला नमस्कार करायला पैसे पडत नाहीत. खंड उघडून वाचायला लागलं तर पडतील.

म्हणून काम सांगतो. हे मासिक बाजूला ठेवलंत की आजचा पेपर घ्या, नाहीतर मोबाइलवरची बातमी घ्या. एक वाक्य निवडा, ज्यात आपली वस्ती, आपली माणसं, आपला मोर्चा आहे. चार भाग वेगळे करा. उपमेय कोण? उपमान कुठून आणलं? साधारण धर्म खरा आहे का लादलेला? 'सारखं' अजून शिल्लक आहे की खाल्लं गेलं? पाचवा प्रश्न व्याकरणाचा नाही, आपला आहे: यात फायदा कुणाचा? अभ्यासवर्गात दर रविवारी असं एक वाक्य फळ्यावर लिहून फोडा. वर्षाला बावन्न वाक्यं होतील. बावन्न वाक्यं फोडलेला पोरगा कुणाच्याही भाषणाला भुलणार नाही, आपल्याही पुढाऱ्याच्या नाही.

आणि कविता पाठवणाऱ्यांना शेवटचं. सूर्य, मशाल, वणवा, ज्वालामुखी वर्षभर घरी ठेवा. तुम्ही रोज जे बघता ते आणा. सायनचा पूल, डेपोतली हजेरीची वही, बायोमेट्रिकवर न उमटणारा सफाईवालीचा झिजलेला अंगठा, नाक्यावर सकाळी सातला उभी असलेली माणसं, पगारातून कापलेला खाडा. ही उपमानं अजून कुणी वापरलेली नाहीत. वामनाच्या नियमानं ती सदोष ठरतील. ठरू द्या. त्याच्या नियमात साहस आपलं होतंच. माप तेवढं त्याचं होतं. आता मापही आपलं चालेल.